अलार्म उगाच वाजतो तेव्हा: घरी नव्यानेच बसवलेल्यांसाठी

एप्रिलमध्ये लातूरच्या एका काकूंचा फोन आला. "अहो, हे वरचं सारखं वाजलालंय की! सकाळपासून तीनदा झालं. काढून तरी न्या." मी पोचलो तेव्हा जिन्यातच ठसका लागला. वर्षाच्या काळ्या तिखटाची भाजणी चालू होती. लोखंडी कढईत खोबरं, धणे, मग मिरच्या, एकामागून एक घाणे. धुराचा डिटेक्टर स्वयंपाकघराच्या दारापासून जेमतेम चार फुटांवर. काकूंनी तोवर स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढली होती आणि फ्रीजवर ठेवून दिली होती.

त्या वाजण्यापेक्षा मला फ्रीजवरच्या बॅटरीची काळजी जास्त वाटली. तिखट दोन दिवसांत डब्यात जातं, बॅटरी मात्र तिथेच राहते. पुढे कधीतरी मध्यरात्री इन्व्हर्टरजवळची वायर धुमसायला लागते, तेव्हा छतावर नुसती प्लास्टिकची वाटी लटकलेली असते. मी हेच काम करतो, अलार्म बसवणं आणि दुरुस्त करणं. "उगाच वाजतो" म्हणून बंद करून ठेवलेली यंत्रं मी इतक्या घरांत पाहिली आहेत, की हे एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं.

आधी खरं समजा

अलार्म वाजला की पहिली दोन मिनिटं तो खराच आहे असं धरून चाला. मागच्या दहा वेळा काही नव्हतं, तरीही. सगळ्यांना उठवा. बंद खोलीचं दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघा. दार गरम लागलं तर उघडू नका. धूर दिसला तर वाकून बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

गॅसचा अलार्म असेल तर पद्धत वेगळी. कोणत्याही बटणाला हात लावायचा नाही, चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, कारण दोन्ही वेळा बटणाच्या आत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, घराबाहेर येऊन मग फोन लावा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

काहीच सापडलं नाही, तरच पुढचं वाचायचं.

आवाज कोणता, ते ओळखा

अर्धे फोन इथेच मिटतात. धूर लागला की डिटेक्टर जोरात, सलग किंवा तीन-तीनच्या ठेक्यात वाजतो. मिनिटाभराने एकदाच बारीक "टुक" करत असेल तर तो धूर नाही, बॅटरी उतरल्याची सूचना आहे. ही टुकटुक बहुतेकदा डिसेंबर-जानेवारीत पहाटे सुरू होते. लोक म्हणतात, दिवसा गुपचूप असतं आणि पहाटेच छळतं. त्याला कारण आहे. थंडीत बॅटरीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली येतो, आणि उतरत आलेली बॅटरी पहाटेच्या गारव्यात नेमकी मर्यादेखाली जाते. ऊन चढलं की पुन्हा जेमतेम वर येते आणि आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणून विसरू नका, त्याच दिवशी बॅटरी बदला. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असेल तर अल्कलाइन घ्या. रिमोटात घालतो तसली स्वस्तातली नको.

नवी बॅटरी घालूनही टुकटुक चालूच राहिली, तर डिटेक्टर उलटा करून मागची तारीख बघा. घरगुती धूर-डिटेक्टरचं आयुष्य बनवल्यापासून साधारण १० वर्षं धरतात. त्यानंतर आतला सेन्सर मंद तरी होतो किंवा चिडका तरी.

एक वही ठेवा

दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी आठवडाभर चार गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता वाजला, लाईट होती का, घरात काय चाललं होतं, खिडकी-पंखा-कूलर यांतलं काय चालू होतं. पॅनल, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेली पेटी, असेल तर त्यावर कोणता झोन (घराचा कोणता भाग) लागला, तेही लिहा. एका घरी रोज सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान डिटेक्टर वाजायचा आणि रविवारी अजिबात नाही. नुसती वही वाचून मी खाली गेलो. खाली पिठाची गिरणी होती, आणि ती रविवारी बंद असायची. जिन्यातून वर येणारं पीठ थेट डिटेक्टरच्या जाळीत बसत होतं. वही नसती तर मी दोन डिटेक्टर बदलून दिले असते आणि तिसराही वाजलाच असता.

धूर-डिटेक्टर आत काय बघतो

घरात बसवतात तो बहुधा ऑप्टिकल प्रकारचा असतो. त्याच्या आत एक काळी, अंधारी कुपी असते. एका बाजूने इन्फ्रारेड दिवा अधूनमधून लुकलुकतो, दुसरीकडे एक डोळा असतो, पण तो दिव्यासमोर नसतो, तिरका बसवलेला असतो. हवा स्वच्छ असेल तर डोळ्याला काही दिसत नाही. धुराचे कण आत शिरले की प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो, त्यातला थोडा डोळ्यापर्यंत पोचतो आणि अलार्म वाजतो. उन्हाच्या तिरिपेत धूळ चमकताना दिसते, तसंच हे. त्याला फक्त चमकणारा कण कळतो. तो धुराचा आहे, वाफेचा आहे, पिठाचा आहे की एखाद्या किड्याच्या पायाचा, यातला फरक साध्या डिटेक्टरला कळत नाही.

दुसरा प्रकार आयोनायझेशनचा. त्यात अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ अगदी किंचित असतो. हा डिटेक्टर भडकत्या आगीचे बारीक कण चटकन पकडतो, आणि म्हणूनच तव्यावर जळलेल्या भाकरीलाही तो जास्त चिडतो. लेबलवर तसा उल्लेख असेल तर तो आतून उघडायचा नाही, खेळायला द्यायचा नाही.

आता आपल्याकडची कारणं बघू.

स्वयंपाक हे पहिलं. डिटेक्टर चुलीपासून किंवा शेगडीपासून किमान ३ मीटर, म्हणजे दहा फूट लांब हवा. आपली फोडणी, ठेचा, येसर, तिखटाची भाजणी हे सगळं खरोखरच धूर करतं. त्याला यंत्राची चूक म्हणता येत नाही. स्वयंपाकघरात काहीतरी हवंच असेल तर तिथे धुराचा न बसवता उष्णतेचा डिटेक्टर बसवा. तो साधारण ५७-५८ अंशांना किंवा तापमान भराभर चढलं की वाजतो, फोडणीला दाद देत नाही. मात्र तो धुराच्या डिटेक्टरपेक्षा उशिरा कळवतो. झोपायच्या खोलीत तो चालणार नाही, तिथे धुराचाच हवा.

ऊद, धूप आणि डासांची कॉइल. देवघर हॉलच्या कोपऱ्यात असेल आणि डिटेक्टर त्याच्या डोक्यावर, तर गुरुवारी-शुक्रवारी संध्याकाळी तो वाजणारच. कॉइलचं तसं नाही. ती लगेच वाजवत नाही, पण रात्रभर तिची काजळी आत बसत राहते. दोन पावसाळ्यांत डिटेक्टर इतका चिडका होतो की साध्या अगरबत्तीलाही ओरडतो. नगरपालिकेची धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावून घ्या.

वाफ. न्हाणीघराचं दार उघडलं की गरम पाण्याची वाफ थेट वर जाते. डिटेक्टर त्या दारापासून निदान तीन-चार पावलं बाजूला सरकवा.

कूलरबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण मराठवाड्यात मार्च ते जून तो घरोघरी असतो. कूलरचा झोत बाहेरची धूळ, वाळ्याचे तंतू आणि पाण्याचे बारीक थेंब सोबत घेऊन येतो. झोताच्या वाटेत डिटेक्टर असेल तर हे सगळं त्याच्या जाळीत जातं. याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. खरा धूर झाला तर तोच झोत धुराला डिटेक्टरपासून दूर ढकलतो. छताच्या पंख्याचंही तसंच. पात्याच्या टोकापासून निदान तीन फूट अंतर ठेवा.

पत्र्याचं छत असेल तर एक गोष्ट बसवण्याआधीच बघा. पुष्कळ घरगुती डिटेक्टरांच्या माहितीपत्रकात ४ ते ३८ अंश एवढीच मर्यादा दिलेली असते. नांदेड-परभणीला मे महिन्यात बाहेरच पारा ४२-४३ ला जातो, मग पत्र्याला चिकटून किती होत असेल त्याचा विचार करा. दुपारी दोनला वाजणारे आणि संध्याकाळी शांत होणारे डिटेक्टर मी बहुतेक पत्र्याखालीच पाहिलेत. जास्त तापमान सोसणारा घ्या, किंवा पत्र्याखाली छत मारलेल्या खोलीत लावा.

साफसफाई: हे स्वतः करता येतं

एका दुपारी नांदेडमधल्या घरी जुना डिटेक्टर खाली घेतला आणि पांढऱ्या रुमालावर उलटा धरून हलकेच टिचकी मारली. रुमालावर पडलं ते असं: वाळवीचे पाच-सहा पारदर्शक पंख, राखाडी कापसासारखी धूळ, कोळ्याच्या जाळ्याचा एक पुंजका आणि मोहरीपेक्षा लहान एक मेलेला कोळी. जूनच्या पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांचे किडे घोंघावतात, तेच आत शिरतात. त्यांच्या मागोमाग त्यांना खायला कोळी येतो. ते जाळं नेमकं दिवा आणि डोळा यांच्या मधे विणलं गेलं होतं. पंख्याच्या वाऱ्याने ते हललं की अलार्म. त्या घरच्यांना सहा महिने वाटत होतं की वायरिंगमध्येच खोट आहे.

सफाई अशी करा. पॅनलला जोडलेला असेल तर आधी पॅनल टेस्ट मोडवर टाका. डिटेक्टर डावीकडे फिरवून खाली घ्या. बाहेरची जाळी मऊ ब्रशने, रंगाच्या नव्या ब्रशने चालेल, हलक्या हाताने झाडा. मग व्हॅक्यूम क्लीनरने बाहेरून ओढा, किंवा हाताच्या रबरी फुंकणीने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. पाणी, फिनेल, कॉलिन काहीही नको. आतली कुपी उघडू नका. परत लावून टेस्टचं बटण दाबा. हे वर्षातून दोनदा पुरे: एकदा पावसाळा संपल्यावर, एकदा उन्हाळ्याची धूळ बसल्यावर. गिरणी, जिनिंग किंवा खडीच्या रस्त्याजवळ राहत असाल तर दर तीन महिन्यांनी करा.

दिवाळीआधी रंगकाम काढलं की भिंत घासण्यापूर्वीच डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधा. पुट्टीची भुकटी एकदा आत गेली की बहुतेक वेळा डिटेक्टर कामातून जातो. आणि रंगारी गेले की त्याच संध्याकाळी पिशवी काढा. हे विसरायला होतं, म्हणून पिशवीला रंगीत फडकं बांधत जा.

फोडणीमुळे वाजला तर हश म्हणून बटण असतं, ते दाबा. दहाएक मिनिटं तो कमी चिडतो आणि नंतर आपोआप पूर्ववत होतो. बॅटरी काढण्याची गरजच पडत नाही.

गॅस-डिटेक्टर

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. म्हणून हा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात, छताजवळ नाही. याचा सेन्सर तापवलेला असतो आणि तो फक्त एलपीजीच ओळखतो असं नाही. झुरळाचा स्प्रे, सॅनिटायझर, थिनर, अत्तर, सगळ्याला तो प्रतिसाद देतो. लाईट जाऊन आली की सेन्सर पुन्हा तापेपर्यंत काही मिनिटं त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. भारनियमनाच्या दिवसांत रोज एकाच वेळी वाजत असेल तर हे तपासा. इन्व्हर्टरवर जोडला की त्रास बराच कमी होतो. पण वास येत असेल, तर स्प्रेमुळे असेल असं गृहीत धरू नका. आधी रेग्युलेटर.

चोरीचा अलार्म

इथे चुकीच्या अलार्मांत सगळ्यात मोठा वाटा घरच्याच माणसांचा असतो, निदान माझ्या नोंदींत तरी. किल्ली घेऊन आलेली भाची, कोड माहीत नसलेली कामवाली मावशी, अलार्म लावून पुन्हा चष्म्यासाठी आत गेलेले आजोबा. आत येण्या-जाण्याचा वेळ पॅनलमध्ये ३० सेकंदांवर असेल तर आजोबांच्या चालीप्रमाणे तो ६० करा. प्रत्येकाला वेगळा कोड द्या, आणि चुकून वाजला तर काय करायचं, ते घरातल्या सगळ्यांकडून एकदा करवून घ्या.

हालचाल ओळखणारा सेन्सर म्हणजे पीआयआर. त्याला आकार दिसत नाही, उष्णता सरकताना दिसते. माणसाच्या त्वचेचं तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास. भिंत २५ अंशांची असेल तर माणूस त्यावर ठसठशीत दिसतो. मे महिन्यात बंद घराची भिंतच ३५-३६ झाली की माणूस आणि भिंत यांत फरकच उरत नाही. चांगले सेन्सर अशा वेळी आपली संवेदना वाढवतात, आणि मग खिडकीतून आलेला गरम वारा, हललेला पडदा, फरशीवरचा उन्हाचा पट्टा यांवरही ते उठतात. सेन्सर खिडकीकडे किंवा कूलरकडे तोंड करून लावू नका. खोलीच्या कोपऱ्यात, सात-आठ फुटांवर, खिडकी त्याच्या बाजूला येईल असा लावा. आत पल्स काउंटची, म्हणजे किती वेळा हालचाल दिसली की वाजायचं ते ठरवणारी, पिन असते, ती एकवरून दोनवर केली की एखाद्या झुळकीने तो उठत नाही.

पालीचं काय? लांब भिंतीवरची पाल त्याला कळतही नाही, कारण तिचं अंग भिंतीइतकंच गरम असतं. पण तीच पाल सेन्सरच्या पांढऱ्या भिंगावर चढली की एकाच वेळी त्याचा अर्धा डोळा झाकते, आणि त्याला खोलीतून काहीतरी प्रचंड गेल्यासारखं वाटतं. पाली ट्यूबलाईटजवळ किड्यांसाठी जमतात, म्हणून सेन्सर ट्यूबपासून दूर घ्या. मागे वायर जाते ते भोक एम-सीलने बुजवा, नाहीतर मुंग्या आत घर करतात.

महालक्ष्म्यांच्या दिवसांत हॉलमध्ये आरास असते. झिरमिळ्या, हलणारे पडदे, समया, आणि त्यात मध्येच चालू राहिलेला पंखा. तेवढे तीन दिवस रात्री हॉलचा झोन बायपास करा, म्हणजे पॅनलवरून तात्पुरता वगळा, आणि दारांचे झोन चालू ठेवा. विसर्जनानंतर बायपास काढायची आठवण कॅलेंडरवर लिहा.

दाराच्या मॅग्नेटची गोष्ट खास आपल्या मातीची आहे. चौकटीवर एक स्विच आणि दारावर एक चुंबक. दोन्हींत साध्या प्रकारात दीड-दोन सेंटीमीटरपर्यंत अंतर चालतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्याबरोबर भिंत, चौकट थोडीथोडी हलते. लाकडी दार ओलाव्याने फुगतं, ते वेगळंच. पाया उथळ असलेल्या घरांत आषाढात बरोबर बसलेलं दार वैशाखात एक बोटभर सरकलेलं मी मोजून पाहिलंय. त्या सीमेवर आलेलं दार मग वाऱ्याने जरा हललं की सायरन. दोन्ही तुकडे अगदी जवळ, ५ ते ८ मिलिमीटरवर बसवा म्हणजे सरकायला जागा राहते. लोखंडी दार किंवा शटर असेल तर साधा मॅग्नेट घेऊ नका. लोखंड चुंबकाची ताकद खातं, त्यासाठी जड प्रकारचा वेगळा मिळतो.

शटरवर किंवा तिजोरीवर कंपनाचा सेन्सर असेल, तर शेजारी विहिरीचे सुरुंग, जड ट्रॅक्टर-ट्रॉली, हिंगोली-वसमतच्या पट्ट्यात अधूनमधून बसणारे भूकंपाचे हलके धक्के, या सगळ्याने तो वाजतो. त्याची संवेदना स्क्रूने कमी करता येते, पण एकदम नको. थोडी फिरवा, शटरवर मुठीने थाप मारून बघा, मग आणखी.

लाईट गेली की वाजतो

पॅनलमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. आपल्या उन्हात ती तीन वर्षांच्या आसपास दमते. दमली की लाईट जाताच दाब कोसळतो, सेन्सर बंद पडतात आणि पॅनलला वाटतं वायर कापली. तपासणी सोपी आहे: पॅनलची मेन लाईट बंद करा, अर्ध्या तासाने मीटर लावा. १२ च्या खाली दाखवत असेल तर बॅटरी बदला. पॅनलचा पुरवठा मोटरच्या किंवा फ्रीजच्या लाईनवरून घेऊ नका, स्वतंत्र घ्या आणि अर्थिंग नीट करून घ्या. माळ्यावरून गेलेल्या वायरी उंदीर कुरतडतात. तिथे पीव्हीसी पाईप घाला.

येळवशीला निघण्याआधी

लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, अख्खं गाव शेतात असतं. घराला कुलूप, शेजाऱ्याच्याही घराला कुलूप. त्या दिवशी अलार्म वाजला तर ऐकायलाही कुणी नसतं, आणि पॅनलमधल्या सिमचं रिचार्ज संपलेलं असेल तर तुम्हाला फोनही येत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी एवढं करा. पॅनलवरून स्वतःला एक टेस्ट कॉल लावून बघा. खिडक्यांच्या कड्या घाला, पंखे-कूलर बंद करा, देवापुढचा दिवा शांत झाला की मगच निघा. प्रत्येक खोलीतून एक फेरी मारून प्रत्येक सेन्सरचा लाल दिवा लागतो का ते बघा. शहरात मागे राहणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर पॅनलमध्ये दुसरा म्हणून टाका आणि त्यांना तसं सांगून ठेवा.

काकूंचा डिटेक्टर मी त्याच दिवशी पॅसेजमध्ये, झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर हलवला आणि फ्रीजवरची बॅटरी त्यात परत घातली. स्वयंपाकघरात उष्णतेचा बसवला. दोन्हींच्या कडेला मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आहे.